देहाची झाडलोट

अलीकडे आमच्या या सीमाभागात एक नवेच वेड शिरले आहे. मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर बाजाराच्या दिवशी एक मोटारगाडी येऊन उभी राहते. तिच्या टपावरील कर्णा प्रथम कानडीत, मग मराठीत आणि शेवटी दख्खनी उर्दूत एकच गोष्ट ओरडून सांगतो, की तुमच्या अंगात वर्षानुवर्षांचे विष साचले आहे आणि आमचे चूर्ण ते एकवीस दिवसांत बाहेर काढील. डब्याची किंमत सातशे रुपये. शेतमजुरीस जाणाऱ्या बाईची ती दोन-तीन दिवसांची कमाई होय. ज्यांच्या कानी कर्णा पडत नाही त्यांना हाच मजकूर मोबाइलवर येतो, आणि मोबाइलवर आला म्हणजे तो शास्त्रशुद्धच असणार, अशी आमच्या तरुण मंडळींची भाबडी समजूत आहे.

मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, की कोणी ना कोणी विचारतेच, "फादर, रगत साफ करायचं ते चूर्ण घ्यावं का नको?" आम्ही वैद्य नव्हे. तथापि खेड्यात धर्मगुरूस तापापासून जमिनीच्या मोजणीपर्यंत आणि मुलीच्या स्थळापासून म्हशीच्या आटलेल्या दुधापर्यंत सर्व काही विचारण्याची रीत आहे, आणि ती रीत आम्हांस आवडते. तेव्हा डॉक्टरांच्या व परिचारिका भगिनींच्या सहवासात आणि ग्रंथवाचनातून जे आम्हांस उमगले, ते येथे सांगत आहोत. ज्यास काही व्याधी आहे, त्याने मात्र आपल्या डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

अंगात घाण साचते आणि ती अधूनमधून खरवडून काढावी लागते, ही कल्पना काही नवी नव्हे. आमच्या बालपणी पावसाळा लागण्यापूर्वी घरोघर एरंडेलाचा कार्यक्रम होत असे. नाक दाबून, वर गुळाचा खडा देऊन, आजी ते तेल घशाखाली उतरवीत असे, आणि तो सारा दिवस घरातील लेकरे परसाकडे धावत असत. मात्र हा प्रकार आपल्याकडील अडाणीपणाचा, असे कोणी समजू नये. युरोपातही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठे विद्वान याच मताचे होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील इल्या मेचनिकॉव यांना 1908 साली रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या आतड्यातील जंतू विष निर्माण करतात व त्यामुळेच माणूस लवकर म्हातारा होतो, अशी त्यांची समजूत होती. लंडनचे शस्त्रवैद्य सर आर्बथनॉट लेन यांनी तर त्याही पुढे जाऊन बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच कापून काढली. अखेर 1919 साली अमेरिकेतील डॉ. वॉल्टर आल्व्हारेझ यांनी एक साधी शंका काढली. शौचास साफ झाल्याबरोबर डोक्याचा जडपणा काही मिनिटांतच उतरतो. तो जडपणा रक्तात भिनलेल्या विषामुळे असता, तर इतक्या लवकर कसा उतरला असता? फुगलेल्या आतड्याचा मज्जातंतूंवर ताण पडतो आणि तोच आपल्याला जाणवतो, असे त्यांनी दाखविले. मेचनिकॉव साहेबांचे एक मात्र आम्हांस पटते. ते आंबविलेले दूध पिण्यास सांगत, आणि आमच्या घरचे ताक त्याचेच भावंड आहे.

तर मग अंगात विष येतच नाही काय? येते, आणि दररोज येते. आपण खाल्लेल्या डाळीतील प्रथिने खर्ची पडतात तेव्हा अमोनिया तयार होतो आणि तो मेंदूस घातक असतो. परंतु देवाने देहाची घडण करताना झाडलोट करणारी मंडळी आतच नेमून ठेवली आहेत, आणि ती सणावारी देखील सुटी घेत नाहीत. उजव्या बरगड्यांखाली सुमारे दीड किलो वजनाचे यकृत आहे. ते अमोनियाचा युरिया करते, औषधांचा अंश निकामी करते, आणि जुन्या तांबड्या पेशींतून निघालेला पिवळा रंग पित्तावाटे आतड्यात सोडते. पाठीशी, कमरेच्या किंचित वर, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे आहेत. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या आहेत. दिवसाकाठी त्यांतून सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. आपल्या घरच्या घागरीने मोजल्यास पंधराएक घागरी भरतील! त्यातून कामाचे सारे परत रक्तात घेऊन केवळ दीड-दोन लिटर लघवीवाटे टाकले जाते. ज्याच्या अंगी इतके सामर्थ्य आहे, त्याला सातशे रुपयांच्या डब्यातील चमचाभर भुकटीने काय हातभार लागणार, हे कर्णेवाल्यास कोणी विचारीत नाही.

बीदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातील भुयारी जलमार्ग आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पंधराव्या शतकात तो खडकात खोदला गेला. वर जागोजागी विहिरीसारखी उभी तोंडे ठेवली आहेत. त्यांतून खाली उजेड व हवा जावी आणि माणसास उतरून गाळ काढता यावा, हा हेतू. तोंडे उघडी होती आणि वरून कोणी केरकचरा लोटीत नव्हते, तोवर तो मार्ग वाहता राहिला. पुढे लोकांनी त्याच तोंडांत दगडमाती टाकली, आणि पाणी अडले. अलीकडच्या वर्षांत त्यातील गाळ उपसण्यात आला. यकृत व मूत्रपिंड यांचेही असेच आहे. ती धुवावी लागत नाहीत, पण त्यांच्या तोंडात आपण दगड टाकतो. फरक इतकाच, की नौबादचा गाळ मजूर लावून उपसता आला. निकामी झालेल्या मूत्रपिंडाच्या गाळण्या पुन्हा उगवत नाहीत.

हे आम्ही एका कुटुंबावरून सांगतो. गाव व नाव सांगण्याचे कारण नाही. घरधनी हमाली करणारा, पन्नाशीच्या आतला. कंबर दुखे म्हणून तो किराणा दुकानातून दुखण्याची गोळी आणी. प्रथम आठवड्यातून एक, मग दररोज दोन, उन्हाळ्याच्या दिवसांत तीन. पुढे पायांवर सूज आली, भूक गेली, तोंडास चव राहिली नाही. शेजाऱ्यांनी सांगितले, रक्त बिघडले आहे. मग त्या चूर्णाचे डबे एकामागून एक तीन आले. आम्ही आजाऱ्यास भेटावयास गेलो तेव्हा तिसरा डबा अर्धा संपला होता, आणि घरातील बाई म्हणाली, "आता विष बाहीर पडायलंय म्हनून सूज वाढली, असं त्या गाडीवाल्यानं सांगितलं, फादर." या वाक्याने आमच्या अंगावर काटा आला. रोग वाढला तरी तो औषधाचाच गुण म्हणावयाचा, अशी ही युक्ती आहे! दुसऱ्या दिवशी त्यास बीदरला नेले. लघवी तपासली, रक्तातील क्रिएटिनिन तपासले, रक्तदाब मोजला. तो किती दिवसांपासून चढलेला होता, कोणास ठाऊक. डॉक्टर म्हणाले की जेवढे गेले तेवढे परत येणार नाही, पण गोळ्या व चूर्ण आज बंद करून रक्तदाबाचे औषध नियमाने घेतले, तर उरलेले पुष्कळ दिवस टिकविता येईल. तो आता हमाली करीत नाही, एका गोदामावर बसून असतो. उरलेला अर्धा डबा बाईने कोनाड्यात तसाच ठेवला आहे. पैसे घातलेली वस्तू फेकून कशी द्यावी, हा तिचा प्रश्न आहे, आणि तिची परिस्थिती पाहता आम्हांस त्यावर रागावता येत नाही.

दुखण्याच्या गोळीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ती आमच्या प्रत्येक घराच्या कोनाड्यात आहे. आमच्या वयाच्या वाचकांना गावाबाहेर मेलेल्या ढोरावर बसणारी गिधाडे आठवत असतील. ती कोठे गेली? 1990 नंतरच्या काळात देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा पंच्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. 2004 साली कारण उघड झाले: ढोरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे दुखण्याचे औषध त्यांच्या मांसात उरे, ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. 2006 साली सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन-चार गोळ्यांनी धडधाकट माणसाचे काही बिघडत नाही. पण अंगातील पाणी आटले असता मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्याची जी आतील व्यवस्था आहे, तिलाच ही गोळी आवर घालते. एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस अंशांच्या उन्हात घाम गाळावयाचा, पाणी प्यावयाचे नाही, आणि वर ही गोळी घ्यावयाची, म्हणजे तिहेरी संकट होय. पॅरासिटामॉल त्या मानाने मूत्रपिंडास सौम्य असते; परंतु प्रमाणाबाहेर गेल्यास तेच यकृताचा घात करते. म्हणजे कोणतीही गोळी शेंगदाण्यासारखी खाण्याची वस्तू नव्हे.

झाडपाल्याचे म्हणून निर्धोक, हाही एक भ्रम. करोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघर उकळला. 2021 साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही व गुळवेल सुरक्षित असल्याचे कळविले. त्या वादात आम्ही पडत नाही. डब्यावर काय काय घातले आहे ते नीट लिहिलेले नसेल तर तो घेऊ नये, आणि घेतलाच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता कोणी म्हणेल, फादर नुसते नको-नको म्हणतात; करावे काय ते सांगत नाहीत. ते सांगणे आम्हांस सोपे जाते, कारण ते आमच्या मातीतच आहे. मार्गशीर्षाच्या अमावस्येस, म्हणजे पुष्कळदा नाताळच्या आगेमागेच, या भागात वेळ अमावस्या होते. कानडी शेजारी तिला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. त्या दिवशी सारे शिवार माणसांनी फुलते, आणि शेजारी आम्हांसही आग्रहाने शेतावर नेतात. पूजा त्यांची, जेवण मात्र सर्वांचे. ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगे, जे जे शिवारात उभे असेल ते एका हंड्यात शिजवून भज्जी करतात. सोबत भाकरी, आणि मडक्यात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. देहाच्या झाडलोटीस याहून चांगले जेवण आम्हांस ठाऊक नाही. त्याचे कारण असे: यकृत नको असलेला पदार्थ पित्तावाटे आतड्यात टाकते. पालेभाजी, शेंगा व भरड धान्य यांतला चोथा त्या पित्तास धरून बाहेर नेतो. चोथाच नसेल तर पुष्कळसे पित्त आतड्यातून पुन्हा यकृताकडे परतते. म्हणजे यकृताने केर दाराबाहेर काढला, पण तो उचलून नेणारी गाडीच आली नाही!

आणि ही गाडी आपणच बंद केली आहे. ज्या मातीत ज्वारी पिकते आणि जवळच्या कलबुर्गीची तूर देशभर नावाजली जाते, तेथील मुले सकाळी चहाबरोबर मैद्याचे बिस्किट खातात. दुपारी पांढरा भात, आणि संध्याकाळी महामार्गावरील दुकानातून आणलेल्या खाऱ्या पुड्या. भाकरी थापता येत नाही, हे आता काही घरांत प्रतिष्ठेचे लक्षण झाले आहे. दारूचा थेंबही न शिवणाऱ्या स्त्रियांच्या यकृतावर चरबी साठल्याचे डॉक्टर सांगतात, तेव्हा घरचे चकित होतात. गोड, मैदा, तळण आणि बैठे जीवन यांनी ती साठते. वजन वाढलेल्या माणसाच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा उतरला तरी ती पुष्कळ कमी होते, आणि त्यासाठी रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालणे व रात्री वेळेवर निजणे यांस पैसे पडत नाहीत.

पाण्याविषयी दोन टोकांच्या चुका आम्ही पाहतो. रानात जाणाऱ्या स्त्रिया आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. हा दोष त्यांचा नव्हे. शौचास जाण्याची सोय न करणाऱ्या मालकाचा व गावाचा आहे, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. उलट काही शहाणे मोबाइलवर वाचून पहाटे उठून दोन-तीन लिटर पाणी एकदम ढोसतात. त्याने मूत्रपिंड उजळत नाही. तहानेप्रमाणे, उन्हात तहानेच्या थोडे आधीच, दिवसभर घोटघोट प्यावे. लघवीचा रंग गव्हाच्या काडासारखा फिकट असावा. गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडले असे समजावे. ज्यांना मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार आहे, त्यांनी किती प्यावे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कोमट पाण्यात लिंबू-मध घेणाऱ्यांना आमची हरकत नाही. साखरेचा विकार असणाऱ्यांनी त्यातला मध तेवढा वगळावा.

घामावाटे विष निघते, असेही पुष्कळांस वाटते. घाम मुख्यत्वे अंग थंड ठेवण्यासाठी आहे. त्यावाटे बाहेर पडणारी घाण नगण्य. मात्र त्याच कातडीतून विष आत शिरू शकते, आणि हे आमच्या तुरीच्या पट्ट्यात प्रत्येकाने ध्यानात ठेवले पाहिजे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पडले. अंगावर साधा सदरा, पाय अनवाणी, वारा तोंडावर, आणि फवारा पाठीवर गळत असलेला, असे चित्र तुरीच्या फुलोऱ्याच्या दिवसांत आमच्याकडेही दिसते. अशा वेळी यकृत कितीही निष्ठावंत असो, ते हरते. तोंड-नाक झाकावे, पूर्ण बाह्यांचे कपडे व बूट घालावे, वाऱ्याकडे पाठ करून फवारावे, मध्येच तंबाखू मळून तोंडात टाकू नये, आणि घरी येताच, लेकरास उचलण्यापूर्वी, साबणाने अंग धुऊन कपडे वेगळे काढावेत.

आता दारू. हा विषय काढला की आमचे काही बांधव बुटांकडे पाहू लागतात. कर्नाटकात 2007 साली सरकारने अरक बंद केली, तेव्हा आयाबायांनी समाधान मानले. पण बाटली बदलली, सवय राहिली. आणि खेदाची गोष्ट अशी, की आम्हां ख्रिस्ती लोकांच्या नाताळास व लग्नास तिच्यावाचून शोभा नाही, असे समजणारी घरे आहेत. एक घटना सांगतो. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणी भागात गावठी दारू पिऊन शंभरावर माणसे मेली. दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल पोटात जाते तेव्हा स्वतः तितकेसे मारक नसते. यकृत आपल्या नेहमीच्या इमानाने ते साफ करावयास घेते, आणि त्या खटपटीत त्याचे फॉर्मिक आम्ल होते. त्या आम्लाने डोळे जातात आणि प्राणही. साध्या दारूचेही यकृत प्रथम एक विषारी द्रव्यच करते, मग ते निरुपद्रवी बनवते. रोज रात्री तेच काम लादले, तर यकृत सुजते, पुढे आकसून दगडासारखे होते. काविळीने पिवळी झालेली, पोटात पाणी भरलेली तरुण माणसे आम्ही अंतिम संस्कार देऊन निरोपिली आहेत. त्यांच्या विधवांनीही कोणते ना कोणते यकृताचे चूर्ण आणून पाहिले होते. चूर्ण सकाळी आणि बाटली रात्री, असे त्या घरात चाले.

उपवासकाळ जवळ आला की काहीजण विचारतात, उपवासाने शरीरशुद्धी होते ना? प्रायश्चित्ताचा उपवास आम्ही आत्म्यासाठी व भुकेल्या शेजाऱ्यासाठी करतो. त्यास यकृताचे औषध करून त्याचे मोल उतरविणे आम्हांस रुचत नाही. रात्री लवकर व थोडके जेवून सकाळपर्यंत पोटास विसावा देणे चांगलेच. मात्र साखरेच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर मातांनी आणि वृद्धांनी हट्टाने उपवास करू नये. ख्रिस्तसभेनेही आजाऱ्यास त्यातून मोकळीक दिली आहे.

ज्याचे वय चाळिशीच्या पुढे आहे, ज्याच्या घरात साखर, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार आहे, अथवा ज्याने वर्षभर दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या आहेत, त्याने वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, लघवी व क्रिएटिनिन एवढे तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात हे फुकट किंवा अल्प खर्चात होते, आणि खाजगीत केले तरी त्या चूर्णाच्या तीन डब्यांहून स्वस्त पडते. मूत्रपिंडाचा विकार बराच वाढेपर्यंत दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहू नये.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर परिचारिका भगिनी चर्चच्या ओसरीवर रक्तदाब व साखर तपासण्यास बसणार आहेत. सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांना सोबत आणावे. येताना घरात असतील त्या सर्व गोळ्या, काढे, चूर्णे व बाटल्या एका पिशवीत घालून आणाव्यात. उतरंडीमागे लपवून ठेवलेल्याही.